मदत हवी आहे: कोकमाच्या आगळाच्या जाहिरातीसाठी चॅटबॉटला नेमकं सांगायचं काय?

रातांबा

नमस्कार मंडळी,

कुडाळ तालुक्यात आमचा बायकांचा बचत गट आहे. आमसुलं, आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), कोकम सरबत, कुळथाचं पीठ, उकडे तांदूळ असा माल आम्ही करतो. विक्री मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅपवरून, मुंबई, ठाणे, डोंबिवली आणि पुण्याकडे. थोडीफार इन्स्टाग्रामवरूनही होते. माल करायला हात भरपूर आहेत, पण त्याबद्दल लिहायचं काम माझ्या एकटीवर येतं. एप्रिल-मेमध्ये रातांबे (कोकमाची फळं) फोडणं, साली रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवणं, पावसाआधी सगळं आत घेणं यात दिवस सरतो, आणि नेमकं तेव्हाच गिऱ्हाइकांना नवा माल आल्याचं कळवायचं असतं. म्हणून चॅटबॉटची मदत घ्यायला सुरुवात केली.

मी त्याला लिहिते: "कोकम आगळासाठी आकर्षक मराठी मार्केटिंग पोस्ट लिही."

तो देतो ते साधारण असं:

"निसर्गाच्या कुशीतून थेट तुमच्या घरी! आमच्या प्रीमियम कोकम आगळासोबत अनुभवा कोकणची अस्सल चव! वजन कमी करण्यासाठी, पचनासाठी आणि त्वचेसाठी वरदान. फक्त थंड पाण्यात मिसळा आणि ताजेतवाने व्हा! 'माझ्या मुलांना हे खूप आवडतं' – एक समाधानी ग्राहक. आजच ऑर्डर करा!"

व्याकरण बरोबर आहे, पण आमच्याकडचं कुणीही असं बोलत नाही. आगळात मीठ असतं, साखर नसते. थंड पाण्यात मिसळायचं वर्णन सरबताचं झालं. ते समाधानी ग्राहक कुठून आले, तेही कळत नाही. "अजून आकर्षक कर" म्हटलं की विशेषणं वाढतात, "साधं लिही" म्हटलं की सरकारी पत्रक होतं.

मला हे विचारायचं आहे: सूचना मराठीत द्यावी की इंग्रजीत? किती लांब? आमची बोलण्याची पद्धत त्याला कशी कळवायची? आणि दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगावं लागू नये यासाठी काय करता? या कामात असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

टाचण

ताई, मी जाहिरातींचा मजकूर लिहितो आणि रोज हेच करतो, म्हणून आधी मीच विचारतो. आगळ कोण घेतं? घेण्याआधी फोनवर काय विचारतं? घेतल्यावर तक्रार कसली येते? आणि हा एक निरोप वाचून त्या माणसाने नेमकं काय करावं अशी तुमची इच्छा आहे?

तुमच्या सूचनेत यातलं काहीच नाही. चॅटबॉटला तुमचा गट, तुमची बाटली, तुमचं गिऱ्हाईक काहीच ठाऊक नाही. जिथे माहिती मिळत नाही तिथे तो आजवर वाचलेल्या हजारो जाहिरातींतलं सरासरी वाक्य आणून ठेवतो, आणि त्यातल्या बहुतेक जाहिराती मुळात इंग्रजी असतात. "आकर्षक" या शब्दाने तर त्याला भडकपणाची परवानगीच मिळते. तो शब्द आधी काढा.

रातांबा

उत्तरं देते. घेणाऱ्या बहुतेक चाळिशीच्या पुढच्या बायका, मूळच्या कोकणातल्या, आता शहरात नोकरी करणाऱ्या. सोलकढी त्यांना येते, फक्त आमसुलं भिजत घालायला वेळ नसतो. विचारतात ते असं: साखर आहे का? रंग घातलाय का? एका नारळाच्या दुधाला किती घालायचं? बाहेर टिकेल की फ्रिजमध्ये ठेवू? कुरिअरमध्ये बाटली गळते का? तक्रार एकच येते, सोलकढी खारट झाली. त्यांनी सवयीने वरून मीठ घातलेलं असतं.

ज्यांनी आधी आमसुलं घेतली आहेत त्यांनी आगळाची एक बाटली मागवावी, एवढीच सध्या इच्छा आहे.

टाचण

तुमची जाहिरात याच परिच्छेदात आहे. "वरून मीठ चव बघूनच घाला" हे वाक्य कुठल्याही विशेषणापेक्षा जास्त विश्वास देतं, कारण ते फक्त माल करणाऱ्यालाच माहीत असतं. आता हेच सूचनेत घालू. मी असं लिहीन:

"मी कुडाळ तालुक्यातल्या महिला बचत गटासाठी व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक निरोप लिहिते आहे. वाचणारी बाई मूळची कोकणातली, आता डोंबिवलीत राहते, नोकरी करते. सोलकढी तिला करता येते. तिने आमच्याकडून आमसुलं घेतली आहेत, आगळ घेतलेलं नाही. निरोप वाचून तिने आगळाची एक बाटली मागवावी.

माहिती: आगळ म्हणजे रातांब्यांचा मीठ घालून काढलेला रस. साखर नाही, रंग नाही. एका नारळाच्या दुधाला चार-पाच चमचे. मीठ आधीच आहे, वरून घालायचं तर चव बघून. बाटली अर्ध्या लिटरची. या माहितीबाहेरचं काहीही घालू नकोस. आरोग्याचे फायदे, ग्राहकांचे अभिप्राय, सवलत, काहीही नाही. एखादी गोष्ट कमी पडत असेल तर लिहिण्याआधी मला विचार.

लांबी: फोनवर न सरकवता वाचता येईल एवढी, सहा-सात छोट्या ओळी. इमोजी नको. ओळखीच्या बाईला फोनवर सांगावं तसं बोलणं.

खाली मी स्वतः पूर्वी पाठवलेले तीन निरोप आहेत. त्यांतली वाक्यांची लांबी आणि सूर धर, मजकूर उचलू नकोस."

शेवटी तुमचे जुने निरोप चिकटवा. ज्यांना खरोखर उत्तरं आली असे निवडा. सूर कळवायला हा सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे. "आपुलकीने लिही" म्हटल्यावर काय करायचं ते त्याला नीट उमगत नाही, पण आपुलकीने लिहिलेले तीन नमुने दिसले की तो बराच जवळ येतो. त्यात गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर असतील तर चिकटवण्याआधी काढून टाका. ती माहिती आपली नसते.

लांबी मी मुद्दाम ओळींत सांगतो. "साठ शब्द" म्हटलं तर मोजणी बरेचदा चुकते.

निवांत

टाचण यांच्याशी सहमत, एक भर घालतो. "हे शब्द वापरू नकोस" अशी लांबलचक यादी देऊ नका. माझा अनुभव असा की एक विशेषण बंद केलं की त्याचं भावंड येतं. त्याऐवजी काय हवं ते सांगा: "प्रत्येक ओळीत स्वयंपाकघरात उपयोगी पडेल अशी एक गोष्ट असू दे." मग विशेषणांना जागाच उरत नाही.

भाषेचं म्हणाल तर इंग्रजीत सूचना देऊन मराठी मजकूर मागितला की वाक्यं पुष्कळदा भाषांतरासारखी उतरतात. मी सूचना, माहिती, नमुने सगळं मराठीतच देतो. मालवणीत मात्र लिहून घेऊ नका. मी करून पाहिलं आहे. मालवणी, कोकणी आणि प्रमाण मराठी यांची सरमिसळ होते आणि मालवणी माणसाला ती पहिल्या वाक्यात खुपते. मालवणी ओळ हवी असेल तर ती तुम्हीच लिहा.

लेबलवाचक

मी खाद्यपदार्थांच्या लेबलांचं काम करते. ताई, त्या पहिल्या नमुन्यातलं "वजन कमी करण्यासाठी वरदान" कृपया कुठेही वापरू नका, व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ५३ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिराती आणि दाव्यांसाठी २०१८ चे वेगळे विनियमही आहेत. रोग बरा होतो, टळतो असं अन्नपदार्थाबद्दल म्हणता येत नाही. "नैसर्गिक", "ताजं", "शुद्ध", "पारंपरिक", "अस्सल" या शब्दांनाही तिथे अटी घातल्या आहेत. चॅटबॉट नेमके हेच शब्द सगळ्यात आधी काढतो.

दुसरं, मानांकनाचं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे बॉट आपणहून "जीआय मानांकित" लिहून मोकळा होतो. ते चिन्ह आणि तो दावा नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्यालाच करता येतो. गटाची तशी नोंदणी असेल तर सूचनेत तसं स्पष्ट लिहा, नसेल तर मजकुरातून काढा.

आणि ते "समाधानी ग्राहक". बनावट अभिप्राय छापणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक आहे, मग ते माणसाने लिहिलेले असोत की यंत्राने. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानकही काढलं आहे. तुमच्याकडे खरे निरोप येतच असतील. त्या बाईंना विचारून त्यांचंच वाक्य, आहे तसं, वापरा.

सूचनेत मनाई लिहिली तरी आलेला मजकूर प्रत्येक वेळी स्वतः वाचा. जबाबदारी विकणाऱ्याची असते, बॉटची नव्हे. बाटलीवरचा १४ आकडी परवाना क्रमांक, घटक, तारखा यांतलं काहीही त्याच्याकडून भरून घेऊ नका.

दर्याकिनारी

मी थोडं वेगळं सांगतो. मुळात पहिला मजकूर त्याच्याकडून लिहून घेऊच नका. आमचं देवगडला आंब्याचं काम आहे. मी गाडीत बसल्या बसल्या फोनवर बोलून टंकतो, म्हणजे गिऱ्हाइकाशी बोलतो तसंच बोलतो. वाक्यं तुटकी, उलटसुलट असतात. ती त्याला देतो आणि सांगतो: "माझे शब्द ठेव. पुनरुक्ती काढ, क्रम लाव, सात ओळींत बसव. नवं वाक्य घालायचं असेल तर आधी मला दाखव." यात तो खूप चांगला आहे. रिकाम्या पानावर तो दुसऱ्याचं लिहितो, माझ्या कच्च्या मजकुरावर माझंच लिहितो.

मग त्याच मजकुरावरून इन्स्टाग्रामसाठी वेगळा नमुना मागतो. तिथे मथळ्याखालचा मजकूर २,२०० अक्षरांपर्यंत चालतो, पण दिसतात सुरुवातीच्या एक-दोन ओळीच, बाकीचा दाबल्यावर उघडतो. म्हणून "कामाची गोष्ट पहिल्या ओळीत" असं सांगावं लागतं.

टाचण

दर्याकिनारी यांची पद्धत ताईंसाठी माझ्या पद्धतीपेक्षा बरी आहे. ताईंच्या दुसऱ्या प्रतिसादातला "सवयीने वरून मीठ घातलेलं असतं" हा तुकडा बघा. बोलून टंकलेल्या मजकुरात अशी वाक्यं आपोआप येतात, सूचनेतून ती मागता येत नाहीत. माझ्या नमुन्यातला वाचकाचा आणि माहितीचा भाग मात्र ठेवा. त्याच्याशिवाय काय गाळायचं हे त्याला कळणार नाही.

पुन्हा पुन्हा सांगायच्या प्रश्नाचं उत्तर: दोन टिपणं करून ठेवा. एकात गटाची आणि प्रत्येक मालाची पक्की माहिती, दुसऱ्यात सुराचे नमुने आणि कायमच्या अटी. बहुतेक चॅटबॉटमध्ये कायमच्या सूचना ठेवायची सोय असते. ती नसेल तर नव्या संभाषणात दोन्ही टिपणं आधी चिकटवायची. लांबलेल्या संभाषणात पंधरावी दुरुस्ती करत बसू नका. मजकूर बिघडत चालला की नवं संभाषण उघडा आणि सुधारलेली सूचना द्या.

रातांबा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दर्याकिनारी दादांसारखं बोलून टंकलं, टाचण यांची माहिती जोडली. आधी त्याने मला उलट विचारलं की बाटली उघडल्यावर कशी ठेवायची. हे मी सांगायचंच विसरत होते आणि गिऱ्हाइकं तर कायम विचारतात. उत्तर दिल्यावर हे आलं:

"रविवारी माशांचं जेवण असेल तर सोलकढीसाठी आमसुलं भिजत घालत बसू नका. यंदाचं आगळ तयार आहे.
एका नारळाच्या दुधाला चार-पाच चमचे पुरतं.
आगळात मीठ आहे, वरून घालायचं तर चव बघून घाला.
साखर नाही, रंग नाही.
बाटली उघडल्यावर चमचा कोरडा घ्या.
अर्ध्या लिटरची बाटली. हवी असेल तर फक्त 'आगळ' लिहून पाठवा."

पहिल्या ओळीत त्याने "त्रास कशाला घेता" असं लिहिलं होतं. ते मी काढून "भिजत घालत बसू नका" केलं. बाकी तसंच ठेवलं. गटातल्या बायकांना वाचून दाखवलं, त्यांना ते माझंच वाटलं.

आता दोन शंका. याच्यासोबतचं चित्रही त्याच्याकडूनच काढून घ्यावं का? आणि निरोप यादीवर टाकला की काही जणींपर्यंत पोहोचतच नाही, ते का?

निवांत

चित्र नको. चित्रात देवनागरी अक्षरं मागितली की जोडाक्षरं आणि मात्रा अजूनही बऱ्याचदा बिघडतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो काढेल ती बाटली तुमची नसेल, आणि आगळाचा रंगही तुमचा नसेल. सकाळच्या उजेडात ओट्यावर बाटली, शेजारी फोडलेला नारळ, असा फोनवरूनच फोटो काढा. फोटोवर अक्षरं हवीतच असतील तर ती फोनमधल्या मराठी टंकाने स्वतः घाला.

दर्याकिनारी

दुसऱ्या शंकेचं उत्तर. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतला निरोप, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलाय त्यांनाच जातो. एका यादीत २५६ जणच बसतात. तेव्हा आमसुलांच्या पुढच्या प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी टाका: गटाचं नाव, नंबर, आणि "हा नंबर जतन केलात तर नवा माल आल्याचं कळवू". ज्यांना नको असेल त्यांची नावं सांगितल्याबरोबर काढायची. आगळ आणि आमसुलं यांच्या याद्याही वेगळ्या करा. आगळ आधीच घेणाऱ्या बाईला वरचा निरोप लागू होत नाही, तिच्यासाठी वेगळा लिहावा लागेल.

रातांबा

समजलं. याद्या आजच वेगळ्या करायला घेते. आगळ नेहमी घेणाऱ्यांसाठीचा निरोप बोलून टंकला की इथेच टाकते, तोही तपासून द्या.