डिसेंबरातील लग्न, गोरज मुहूर्त आणि वधूची तयारी : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : गंगापूररोडकर

नमस्कार. माझे लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पिंपळगाव बसवंतजवळच्या एका लॉनवर गोरज मुहूर्तावर ठरले आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी हळद आणि त्याच्याही आदल्या दिवशी मेंदी असा बेत आहे. आता सप्टेंबर संपत आला असला तरी वधूच्या तयारीचे काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावे, हे मला अजून नीट उलगडलेले नाही.

अडचणी अशा आहेत. जुलैअखेर मला डेंग्यू झाला होता आणि आता केस मुठीने गळत आहेत. कपाळावर व हनुवटीवर बारीक मुरमे आहेत. आमच्या भागातील एका पार्लरने जे पॅकेज सांगितले आहे, त्यात फेशियल, स्किन पॉलिशिंग आणि केसांचे स्मूदनिंग हे सारे लग्नाआधीच्या आठ दिवसांत उरकायचे आहे. एका नातेवाईक ताईंनी बिननावाच्या डबीतील एक क्रीम आणून दिले असून त्याने आठवड्याभरात चेहरा उजळतो, असे त्या सांगतात. त्यातच सासूबाईंनी घराण्याची मोत्यांची नथ मोठ्या मायेने पाठवली आहे, पण माझे नाक टोचलेले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : त्वचा आणि केस (व्यवसायाने त्वचारोगतज्ज्ञ)

सर्वप्रथम ती डबी बाजूला ठेवा. ज्या क्रीमवर घटकद्रव्ये, उत्पादकाचे नाव आणि मुदत छापलेली नाही, त्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड किंवा पारा असतो. स्टेरॉइडने पहिले काही दिवस चेहरा खरोखरच तुकतुकीत दिसतो आणि तेथेच माणूस फसतो. वापर थांबवला की लाली, जळजळ आणि मुरमांचा भडका उडतो, कातडी पातळ होते आणि चेहऱ्यावर लव वाढते. पाऱ्याचा परिणाम तर मूत्रपिंडापर्यंत जातो. चेहऱ्यावर सर्रास लावली जाणारी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकू नयेत, असा नियम सरकारने २०१८ मध्ये केला, तरीही अशा डब्या लग्नसराईत हातोहात फिरतात. ही डबी तुम्ही आधीपासून वापरत असाल, तर ती एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवून बंद करा.

केसांविषयी फारसे घाबरू नका. मोठा ताप येऊन गेल्यावर केसांची मुळे मोठ्या संख्येने विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी ते केस एकदम गळू लागतात. तुमच्या तारखा त्याच्याशी अगदी जुळतात. ही गळती सहसा काही महिन्यांत आपोआप थांबते आणि केस पुन्हा येतात, मात्र डिसेंबरपर्यंत पूर्वीची दाटी परत येईल, असे धरून चालू नये. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण यांपैकी काही कमी-अधिक असेल तर गळती लांबते. लग्नासाठी वजन उतरवायचे म्हणून जेवण तोडणे हे या काळात सर्वांत घातक आहे, कारण उपासमारीनेही नेमकी अशीच गळती होते. डाळी, उसळी, दूध, चालत असतील तर अंडी, आणि केळवणांच्या जेवणावळींतही ताटातील वरणाकडे लक्ष, एवढे पुरे.

मुरमांवरचे उपचार सुरू करायचे असतील तर ते याच आठवड्यात करावेत. रेटिनॉइड जातीच्या (अ जीवनसत्त्वाशी नाते असलेल्या) मलमांनी पहिले काही आठवडे त्वचा सोलवटते आणि खरा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. नोव्हेंबरच्या मध्यावर ते सुरू केले, तर नेमक्या सोलवटलेल्या चेहऱ्याने तुम्ही बोहल्यावर उभ्या राहाल. ही औषधे गर्भारपणात चालत नाहीत. लग्नानंतर लगेच मूल हवे असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे. याच जातीच्या, मुरमांवर गोळीच्या स्वरूपात दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनोइनबाबत तर हे फारच काटेकोरपणे पाळावे लागते आणि ती गोळी चालू असताना वॅक्सिंग केल्यास कातडी सालपटासारखी निघू शकते. लेसरने लव काढण्याच्या बैठका चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने घ्याव्या लागतात. त्यामुळे आता सुरुवात केली तरी लग्नापर्यंत लव कमी होईल, संपणार नाही.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण वधू हमखास विचारतात म्हणून लिहितो. त्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नयेत. अर्धशिशी किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास असणाऱ्यांनी तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलल्याखेरीज त्यांना हातही लावू नये.

उत्तर : कॉलेजरोडची मेकअपवाली

डॉक्टरांनी म्हटले त्यात माझ्या कामाची बाजू जोडते. शेवटच्या आठ दिवसांत सारे काही कोंबणारे पॅकेज हे पार्लरच्या सोयीचे असते, वधूच्या नव्हे. शेवटचे फेशियल लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी व्हावे आणि तेही तुमच्या त्वचेला आधीपासून माहीत असलेलेच असावे. पॉलिशिंग किंवा पील (रसायनाने त्वचेचा वरचा थर काढणे) करायचेच असेल, तर ते ऑक्टोबरात आणि डॉक्टरांच्या संमतीने करावे. वॅक्सिंग मेंदीच्या एक-दोन दिवस आधी उरकून घ्यावे, कारण मेंदी चढल्यावर वॅक्सची पट्टी ओढली की रंगाचा वरचा थर तिच्याबरोबर निघतो, आणि वॅक्सिंगच्या दिवशीच हळद लागली तर अंगाची आग होते. थ्रेडिंगही त्याच सुमारास व्हावे.

स्मूदनिंग मात्र करूच नका, असे मी स्पष्ट सांगेन. गळणाऱ्या केसांवर रसायन आणि इस्त्री यांचा मारा नको, हे झाले एक कारण. दुसरे कारण पार्लरमध्ये कोणी सांगत नाही. गुळगुळीत केसांत पिना टिकत नाहीत. खोप्याला किंवा अंबाड्याला थोडा खरखरीत केस लागतो. अशा निसरड्या केसांवर अंबाडा घातला, की अष्टके संपेपर्यंत तो मानेवर उतरलेला असतो आणि मुंडावळ्यांची गाठ त्यासोबत सरकते.

गोरज मुहूर्ताची स्वतःची एक अडचण असते. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. म्हणजे अंतरपाट धरला जाईल तेव्हा तिरके, लालसर ऊन असेल आणि तासाभरात तोच चेहरा हॅलोजन व फ्लॅशसमोर असेल. म्हणून ट्रायल पार्लरच्या आरशासमोर करून भागत नाही. दिवाळीच्या आधी एके दिवशी दुपारी चारला ट्रायल घ्या, पाच वाजता गच्चीत जाऊन फोटो काढा आणि अंधार पडल्यावर फ्लॅश लावून पुन्हा काढा. काही पावडरी आणि सनस्क्रीनमुळे फ्लॅशच्या फोटोत चेहरा पिठाळ पांढरा येतो. ते त्याच दिवशी कळलेले बरे. फाउंडेशनची छटा गालावर न पाहता जबड्याच्या कडेला आणि मानेवर लावून पाहावी. वधूला दोन छटा उजळ करून देण्याची जी खोड आमच्या व्यवसायात आहे, तिला तुम्ही ठाम नकार द्या. नवऱ्याच्या हातात हात दिल्याच्या फोटोत चेहरा एका रंगाचा आणि मनगट दुसऱ्या रंगाचे दिसते, ते याच खोडीमुळे.

तुळशीचे लग्न लागले की चांगल्या तारखांना आम्हा सगळ्याजणींच्या वह्या भरलेल्या असतात, म्हणून बयाणा आत्ताच द्यावा. कोणते काम किती रकमेत, ते लिहून घ्यावे : केशरचना, नऊवारी नेसवणे, रिसेप्शनसाठी दुसरा साज आणि पिंपळगावपर्यंतचा प्रवास. लॉनवरील वधूच्या खोलीत पुरेसा उजेड आणि चालू प्लग आहे का, हे घरच्या कोणीतरी आधी जाऊन पाहावे. मी अशा खोलीत काम केले आहे, जेथे एकच पिवळा दिवा होता आणि तोही आरशाच्या मागे.

उत्तर : येवल्याची मावशी

माझ्या लेकीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहिते. नथीसाठी आत्ता नाक टोचायला जाऊ नकोस. नाकपुडीची जखम पूर्ण भरायला काही महिने लागतात आणि कोवळ्या छिद्रात मोत्यांची जड नथ अडकवली, तर सूज आणि पू ठरलेले. सराफ बाजारात नथ घेऊन जा. सोनार तिची तार बदलून ती दाबाची करून देतात आणि मूळ तार जपून ठेवली, तर पुढे नथ पूर्ववत करता येते. सासूबाईंना मात्र आधी विचार. घराण्याचा दागिना आहे, त्यांच्या कानावर न घालता कारागिराकडे देणे बरे दिसत नाही. करून आणल्यावर ती घरी तासभर घालून, बोलून आणि चहा पिऊन बघ.

केस विरळ झाले म्हणून खट्टू होऊ नकोस. गंगावन कशासाठी असते? तुझ्या केसांच्या रंगाचे बघून आण आणि ट्रायललाच घेऊन जा. डिसेंबरात मोगरा महाग आणि बारीक मिळतो. पंचवटीच्या फुलबाजारात शेवंती आणि गुलाब ताजे मिळतात, त्यांची वेणी पैठणीवर अधिक खुलते, असे माझे मत आहे.

मेंदीच्या बाबतीत एकच पथ्य पाळ : तयार काळी मेंदी नको. तिच्यात केसांचा रंग मिसळलेला असतो आणि त्याने फोड येऊन डाग राहतात. साध्या मेंदीचा रंग दोन दिवसांत गडद होत जातो, म्हणून तुमचा बेत योग्यच आहे. हळद घरच्या हळकुंडांची दळून घ्या, कारण सुट्या पिवळ्याधमक हळदीत रंग असू शकतो. हळद उतरवताना साबण लावू नकोस. साबणाच्या क्षाराने हळद तांबूस होते आणि त्या डागावर दुसऱ्या दिवशी मेकअप बसत नाही. आधी खोबरेल तेल चोळून ती सोडवायची, मग दूध-बेसनाने हलकेच काढायची, तळहात मात्र घासायचे नाहीत. चुडा कधी भरायचा, हे तुमच्या घरच्या रीतीवर आहे. तो मेंदीआधी भरणार असाल तर मेंदीवालीला तसे कळवून ठेव, म्हणजे ती मनगटावरची नक्षी त्या मापाने सोडेल.

उत्तर : नाशिकरोडची नवी सून

थंडीबद्दल कोणीच लिहिलेले नाही! निफाड तालुक्यातील थंडी शहरापेक्षा बोचरी असते, तेथील पारा दरवर्षी बातम्यांत येतो, आणि उघड्या लॉनवर सात वाजल्यानंतर हुडहुडी भरते. शालूच्या रंगाची शाल जवळ ठेवावी. ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत असाव्यात, नाहीतर दंडावरचा काटा फोटोत स्पष्ट दिसतो. ओठ आणि टाचा यांची काळजी नोव्हेंबरपासूनच घ्यावी. कढत पाण्याची अंघोळ टाळून अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावले, तर फाउंडेशन पापुद्र्यासारखे सुटत नाही.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डबी आजच टाकून दिली, रक्ताच्या तपासण्या उद्या करून घेते आणि नथीविषयी सासूबाईंशी फोनवर बोलणेही झाले. त्यांनी आनंदाने होकार दिला. पार्लरला पॅकेज मोडून फक्त वॅक्सिंग आणि एक फेशियल हवे असल्याचे कळवले आहे. एकच शंका उरते : मुहूर्त आणि रिसेप्शन यांच्यामध्ये जेमतेम अर्धा तास आहे, तेवढ्यात चेहरा पुन्हा कसा नीट करावा?

कॉलेजरोडची मेकअपवाली

अर्ध्या तासात मेकअप नव्याने करायचा नसतो. अक्षतांना कुंकू लावलेले असते, ते गालांवर आणि पापण्यांवर बारीक सांडते. ते ओल्या रुमालाने पुसले की लाल फराटा उमटतो, म्हणून कोरड्या मऊ ब्रशने झटकावे. केसांतील तांदूळ रुंद दातांच्या फणीच्या शेपटीने एकेक काढावेत, अंबाडा हलवू नये. डोळ्यांत पाणी आले असेल, तर टिश्यूची घडी पापणीखाली नुसती टेकवावी, ओढू नये. त्यानंतर लिपस्टिक, चंद्रकोर आणि ताजी वेणी यांना दहा मिनिटे पुरतात. उरलेला वेळ साडी बदलण्यात जातो आणि तेथे हाताशी दोन माणसे लागतात. त्या दोघी कोण, हे आत्ताच ठरवून ठेवा, कारण ऐनवेळी सगळ्या करवल्या जेवणाच्या पंगतीत किंवा फोटोत असतात.