मे महिन्यात रोम, सोबत गुडघेदुखीवाले आई-बाबा: पाच दिवस कसे बसवायचे?

द्राक्षबाग_नाशिक
नमस्कार मंडळी. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात रोमला पाच दिवस जायचं ठरतंय. आम्ही दोघं आणि आई-बाबा, वय ६६ आणि ७०. पांडवलेणी बसत-उठत चढतात, पण रोज तसं नको. चौघंही शाकाहारी, बाबांना अंडंही चालत नाही. टूर कंपनी नको आहे. कोणती तिकिटं आधीच काढावी लागतात, विमानतळावरून शहरात कसं यायचं, खायचं काय, आणि नुसते भग्नावशेष आणि चर्च न बघता थोडी मजा कुठे करता येईल? व्हिसाचंही सांगा.

गंगापूररोड_७
आधी व्हिसा, कारण बाकी सगळं त्यावर अडतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण मेसाठी फेब्रुवारीतच अपॉइंटमेंट धरा, सुट्टीच्या तोंडावर मुंबईचे स्लॉट मिळत नाहीत. फी मोठ्या माणसाला ९० युरो, शिवाय केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. बोटांचे ठसे द्यायला चौघांनाही जावं लागेल. पंचवटी एक्स्प्रेसने जाणार असाल तर दुपारी १२ नंतरची वेळ घ्या, गाडीने जाणार असाल तर कसारा घाटाचा हिशोब धरा. विमा किमान ३०,००० युरोचा हवा आणि त्यात पोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस आले पाहिजेत. इथे एका दिवसाची चूक झाली तरी फाइल अडकते. आई-बाबांची पेन्शनची कागदपत्रं आणि त्यांचं स्वतःचं बँक स्टेटमेंट लावा. खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र आणि नातं दाखवणारा कागद जोडा.

आता तिकिटं. कलोसियमचं तिकीट अधिकृत साइटवर साधारण ३० दिवस आधी खुलतं आणि सकाळच्या वेळा भराभर जातात. तिकिटावर नाव असतं, दारात पासपोर्टशी ताडून बघतात, त्यामुळे नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. साधं तिकीट १८ युरोचं, २४ तास चालतं आणि त्यात रोमन फोरम (जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) व पॅलेटाइन टेकडीही येते. बहुतेक लोक हे तिन्ही एका दमात उरकतात आणि म्हाताऱ्या माणसांचे पाय तिथेच संपतात. तुम्ही कलोसियमची वेळ दुपारी चारची घ्या आणि फोरमला दुसऱ्या दिवशी सकाळी जा, २४ तासांत बसतं. कलोसियममध्ये लिफ्ट आहे, कर्मचाऱ्यांना विचारायचं. फोरममध्ये मात्र रोमनांनी घातलेले काळ्या दगडाचे मोठे चिरे आहेत. मध्ये खाचा, वर गुळगुळीत, घोटा मुरगळायला फार सोपे. जाड तळव्याचे बूट घ्या, चपला नकोत. मोठी बॅग आणि काचेची बाटली कलोसियममध्ये नेऊ देत नाहीत, आणि सामान ठेवायलाही सोय नाही.

बोर्गेझे गॅलरी आरक्षणाशिवाय होत नाही. दोन तासांचा स्लॉट, सोमवारी बंद. तिथे शिल्पकार बेर्निनीच्या अपोलो आणि डाफ्नेच्या पुतळ्याभोवती एक फेरी मारा, अपोलो मागे लागल्यावर डाफ्नेचं झाड होतं त्या गोष्टीचा तो पुतळा. फिरता फिरता तिच्या बोटांना फुटलेली पानं दिसायला लागतात. संगमरवर इतका पातळ कोरलाय की उजेड आरपार जातो. मला विचाराल तर एकच गॅलरी बघायची असेल तर ही बघा.

द्राक्षबाग_नाशिक
दादा, व्हॅटिकन राहिलं. तिथल्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटावर चढता येतं म्हणतात, आई-बाबांना जमेल का?

गंगापूररोड_७
नाही जमणार, आग्रह करू नका. पायथ्यापासून ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्टने गेलात तर फक्त गच्चीपर्यंत पोचता, पुढच्या ३२० पायऱ्या स्वतःच चढायच्या. शेवटी जिना इतका अरुंद आणि तिरका होतो की मध्ये थांबलात तर मागची रांग तुंबते. आई-बाबांना लिफ्टने गच्चीवर न्या, तिथूनच परत आणा. घुमट तुम्ही दोघांनी करा.

सातपूरकर
व्हॅटिकन म्युझियम्सही आई-बाबांसाठी सोडून द्या असं माझं मत. तिकीट २० युरो, ऑनलाइन आरक्षणाचे ५ वेगळे, आणि सिस्टिन चॅपेल येईपर्यंत नुसतं गर्दीत रेटून चालणं. सेंट पीटर्स फुकट आहे, तेवढं बास.

कॉलेजरोड_वाचक
सातपूरकर, तसं नका सांगू. म्युझियममध्ये ओळखपत्र ठेवून व्हीलचेअर बिनपैशात मिळते आणि जिने टाळून जायचा रस्ता आहे. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं रंगवलेलं सिस्टिन चॅपेलचं छत खाली बसून बघायचं असतं. भिंतीलगत बाकं आहेत, कुणी उठलं की आई-बाबांना लगेच बसवा. फोटो काढायला बंदी आहे, बोलायलाही.

व्हॅटिकनच्या वारांकडे मात्र लक्ष द्या. म्युझियम रविवारी बंद असतं, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट उघडतं आणि त्या दिवशीची रांग बघून फुकट नको म्हणाल. बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असले की चौकात त्यांची सभा असते, तेव्हा सेंट पीटर्समध्ये दुपारपर्यंत सोडत नाहीत. म्हणजे सेंट पीटर्स बुधवारी नको, आणि इतर दिवशी सकाळी आठच्या आत पोचा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी किंवा पंजाबी ड्रेसला काहीच अडचण नाही.

इंदिरानगर_मावशी
खाण्याचं मी सांगते. मांस नको म्हणायला "सेन्झा कार्ने", पण तेवढ्यावर थांबू नका, पुढे "सेन्झा पेशे" म्हणजे मासेही नकोत असं सांगा. झुकिनीची तळलेली फुलं दिसायला अगदी आपल्या भोपळ्याच्या फुलांच्या भज्यांसारखी, पण आत चीजबरोबर अँचोव्ही मासा असतो. सुप्ली नावाचा तळलेला भाताचा गोळा मिळतो, त्यात बऱ्याचदा खिमा असतो. रोमच्या चार प्रसिद्ध पास्त्यांपैकी कार्बोनारा, अमात्रिचाना आणि ग्रिचा या तिन्हींत डुकराचं मांस. उरला काचो ए पेपे, नुसतं चीज आणि मिरी. पण पेकोरिनो चीज वासराच्या किंवा कोकराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, बाबा ते पाळत असतील तर आधीच सांगून ठेवा. त्यांना बिनचीजचा पिझ्झा मारिनारा चालेल, टोमॅटो आणि लसूण. ताज्या पास्त्यात अंडं असतं, कोरड्यात सहसा नसतं.

सगळ्यात मोठी अडचण वेळेची. बरीच हॉटेलं दुपारी तीनला स्वयंपाकघर बंद करतात ती संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात. कुणाला मधुमेह असेल तर मध्ये पंचाईत होते. त्या वेळात पिझ्झा अल तालिओची दुकानं शोधा. आयताकृती पिझ्झा वजनावर कापून देतात, भाव बहुधा १०० ग्रॅमचा लिहिलेला असतो. किती हवा ते हातानेच दाखवायचं, नाहीतर भलामोठा तुकडा कापतात. कॉफी काउंटरवर उभ्याने प्या, टेबलावर बसलात की भाव वाढतो.

सामानात चिवडा, खाकरे, बेदाणे बिनधास्त न्या. पेढे, तूप, पनीर नको, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. ताजी द्राक्षंही नाहीत, किती का निर्यातीच्या बागेतली असेनात.

पाथर्डीफाटा
फियुमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्स्प्रेस माणशी १४ युरो, ३२ मिनिटांत टर्मिनी, म्हणजे शहरातलं मुख्य रेल्वे स्टेशन. चौघांचे ५६ झाले. पांढऱ्या अधिकृत टॅक्सीचं जुन्या तटबंदीच्या आतलं ठरलेलं भाडं गाडीमागे ५५ युरो, सामानासकट. तेव्हा तुमच्यासाठी टॅक्सीच. व्हॅटिकनजवळचा प्राती भाग तटबंदीबाहेर आहे, तिथे राहणार असाल तर भाडं बसायच्या आधी विचारा.

शहरात १.५० युरोचं तिकीट १०० मिनिटं चालतं. बसला कितीही वेळा, मेट्रो मात्र एकदाच. कार्ड थेट मशीनला टेकवूनही जाता येतं, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. एकाच कार्डावर चौघं चढलात आणि तपासनीस आला तर तिघांना दंड. टर्मिनी ते व्हॅटिकन जाणारी ६४ नंबरची बस पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे. दार उघडताना धक्काबुक्की झाली की हात आधी खिशावर.

हॉटेल बुक करताना इमारतीला लिफ्ट आहे का ते लेखी विचारा. शिवाय तिथे पोचल्यावर माणशी, रात्रीगणिक शहर-कर भरावा लागतो, तो बऱ्याचदा बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो.

कॉलेजरोड_वाचक
मजेचं कुणी बोललंच नाही. बोर्गेझे बागेत चौघांची पायडलची गाडी भाड्याने मिळते, तळ्यात वल्हवायच्या होड्या आहेत. अव्हेंटाइन टेकडीवर नाइट्स ऑफ माल्टा या कॅथलिक संघाच्या फाटकाच्या किल्लीच्या भोकातून बघितलं की झाडांच्या बोगद्याच्या टोकाला सेंट पीटर्सचा घुमट नेमका मधोमध दिसतो. शेजारी संत्र्यांची बाग आहे, बसायला छान. वर टॅक्सीने जा, उतरताना चाला.

ट्रेव्ही कारंज्याला सकाळी सातला जा, नंतर नुसती डोकी दिसतात. स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध जिन्यावर बसू नका, २०१९ पासून दंड आहे. रस्त्यातल्या नळांचं पाणी थंड आणि पिण्याचं असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छोट्या भोकातून धार उडते, बाटली किंवा ओंजळ लागत नाही.

आणि तारखा बघाच. ईस्टरनंतरच्या सातव्या रविवारी पेंटेकॉस्ट हा ख्रिस्ती सण येतो, बहुतेक वर्षी मे किंवा जूनच्या सुरुवातीला. त्या दिवशी पँथिऑनमध्ये (जुनं रोमन देऊळ, आता चर्च) प्रार्थनेनंतर छताच्या गोल भोकातून गुलाबाच्या लाल पाकळ्या खाली सोडतात. एरवी तिथे तिकीट आहे, जुलै २०२३ पासून ५ युरो. त्या रविवारी सकाळी लवकर रांगेत उभं राहावं लागतं आणि आतली जागा भरली की दार बंद करतात, म्हणून आई-बाबांसाठी घडीचं स्टूल बरोबर ठेवा.