मुळा-मुठेचा काठ: आधी सांडपाणी थांबवा, फरश्या नंतर घाला

नदीकाठी:
फेब्रुवारी २०२५ मध्ये बाणेरला रामनदी मुळेला मिळते त्या राम-मुळा संगमाकडे हजारो पुणेकर चालत गेले होते ते आठवत असेल, तिथली झाडं नदीकाठ सुधार प्रकल्पात जाणार म्हणून. त्याच्या आधी एप्रिल २०२३ ला चिपको मोर्चा झाला. तेव्हापासून घरी, ऑफिसात, नातेवाईकांत एकच वाक्य ऐकतोय, "तुम्हा लोकांना चांगलं काही झालेलं बघवत नाही." म्हणून इथे नीट मांडतो.

प्रकल्प मुळा, मुठा आणि पुढची मुळा-मुठा मिळून साधारण ४४ किमीचा. खर्च ४,७०० कोटींच्या वर. आराखडा अहमदाबादच्या एचसीपी या सल्लागार कंपनीचा, ज्यांनी तिथल्या साबरमतीच्या काठाचा केला. साबरमतीला दोनशे हेक्टरहून जास्त जमीन नदीतून भराव घालून काढली, त्यातली काही व्यापारी वापराला ठेवली, आणि शहरातल्या पट्ट्यात दिसतं ते पाणी नर्मदेच्या कालव्यातून सोडलेलं. शहराच्या खाली काय वाहतं त्याची गुजरात हायकोर्टाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. आपल्याला हेच मॉडेल हवंय का?

माझं म्हणणं एवढंच की नदी म्हणजे दोन भिंतींमधलं पाणी नव्हे, तिला येऊन मिळणारे ओढे, काठचे झरे, पुराचं पाणी पसरतं ती जागा हे सगळं मिळून नदी असते. औंध-बाणेरच्या बाजूला काठाला जिवंत झरे आहेत. उन्हाळ्यात खाली उतरून बघा, नदीचं पाणी काळं आणि तिथून हातभर अंतरावर खडकाच्या फटीतून नितळ पाणी पाझरतंय, त्या ओल्या पट्ट्यात वाळुंजाची झाडं पाण्यात मुळं सोडून उभी आहेत. त्यावर भराव टाकून पिचिंग (दगडी अस्तर) केलं की झरा गेला. परत आणता येत नाही तो.

औंधकर_जुना:
मी त्याच काठावर राहतो, त्यामुळे मला झऱ्यांचं सांगू नका प्लीज. बारा महिने वास, फेब्रुवारीपासून जलपर्णी, आणि जलपर्णी आली की संध्याकाळी सहाला खिडक्या बंद, एवढे डास. आईला दमा आहे. तुम्ही रविवारी सकाळी दुर्बीण घेऊन येता, पक्षी बघता, नऊ वाजता घरी जाता. आम्हाला रात्री तिथंच झोपायचंय.

बंडगार्डनच्या बाजूला जेवढं काम झालंय ते जाऊन बघा, म्हातारी माणसं चालतायत, पोरं सायकली फिरवतायत. तिथे आधी काय होतं? राडारोडा आणि दारूच्या बाटल्या. वीस वर्षं "नदी वाचवा" ऐकतोय, वाचली का? आता कोणीतरी पैसे टाकून काही करतंय तर कोर्ट, एनजीटी (राष्ट्रीय हरित लवाद), मोर्चे. आणि ती झाडं म्हणजे निम्मी परदेशी सुबाभूळ, जंगल असल्यासारखं बोलू नका.

नदीकाठी:
दादा, आईच्या दम्याचं वाचून वाईट वाटलं आणि तुमचा राग मला मान्य आहे. पण वास कशाने येतो सांगा, काठावर फरशी नाही म्हणून का? प्रक्रिया न केलेलं सांडपाणी नदीत सोडतात म्हणून येतो. जलपर्णी त्याच मैल्यावर पोसते. त्यासाठी वेगळा प्रकल्प आहे, जपानच्या जायकाच्या कर्जातला, मैलापाणी शुद्ध करणारी ११ केंद्रं, ३९६ एमएलडी (रोज ३९.६ कोटी लिटर). २०१६ च्या सुमारास मंजूर झाला आणि पायाभरणी पार मार्च २०२२ मध्ये. काठाच्या कामाची पायाभरणी त्याच दिवशी. म्हणजे मैलापाण्याची केंद्रं चालू व्हायच्या आत काठ सजवायला घेतला. तुमच्या खिडकीत वास यायचा तो येणारच, फक्त खाली जॉगिंग ट्रॅक असेल. सुबाभूळ काढा हो, कोण अडवतंय, पण वाळुंज, उंबर, करंज त्याच हिशोबात कापू नका.

स्थापत्यवाला:
तीस वर्षं सिव्हिलमध्ये काढलीयत, म्हणून थोडं. भावनेवर चर्चा चाललीय, हायड्रॉलिक्स कोणी बोलत नाहीये.

एक, आज नदीपात्र "नैसर्गिक" आहे हा गैरसमज आहे. राडारोड्याचे भराव, जुने बंधारे, पात्रातले रस्ते, बुटके पूल, सगळं आधीच कोंबलंय. भिडे पूल दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो तो काय उगाच? आराखड्यात अडथळे काढणं, गाळ काढणं, पात्राला सलग आकार देणं आहे, त्याने पाणी वेगाने पुढे जातं आणि पातळी उतरते. दोन, इंटरसेप्टर सीवर लाईन (मैलापाणी नदीत पडायच्या आधी अडवून केंद्राकडे नेणारी) काठानेच टाकावी लागते, म्हणजे मैलापाणी अडवायचं तरी काठ खणावाच लागणार. "आधी पाणी मग काठ" हे बोलायला सोपं, साइटवर दोन्ही कामं एकत्रच होतात. तीन, मोकळा ठेवलेला काठ मोकळा राहत नाही. अतिक्रमण होतं. पुण्यात गेल्या चाळीस वर्षांत जे ओढे "निसर्गावर सोडले" त्यांच्यावर आज सोसायट्या आहेत.

मुठाकाठची:
सर, तुमच्या पहिल्या मुद्द्यावर बोलते कारण आम्ही सिंहगड रोडला नदीकाठच्या सोसायटीत राहतो. २५ जुलै २०२४ ला पहाटे उठलो तेव्हा पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं. खालच्या मजल्यावरच्या आजींना पोरांनी खांद्यावर घेऊन वर आणलं. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता आणि भिंतीवरची चिखलाची रेघ रंग दिला तरी पावसाळ्यात वर येते. त्याच दिवशी डेक्कनला पुलाच्या वाडीत शॉक लागून तीन तरुण गेले.

खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी साधारण ३५ हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) होतं. मुठेची निळी पूररेषा (साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) ६० हजार क्युसेकची आहे. म्हणजे निळ्या रेषेच्या निम्म्याहून थोड्या जास्त पाण्यात आम्ही बुडालो. याचा अर्थ नदीची जागा आधीच कमी झालीय, मग अजून बांध घालून ती वाढणार कशी ते मला साध्या भाषेत सांगा. आणि धरणाखाली जो पाऊस पडतो, टेकड्यांवरून ओढ्याने येतो, तो कुठल्या गेटने अडवणार? सप्टेंबर २०१९ ला आंबील ओढा आला तो धरणातून नव्हता आला, कात्रजच्या डोंगरातून आला होता, वीसपेक्षा जास्त माणसं गेली. नदीला भिंत घातली आणि पूर चढला की ओढ्याचं पाणी आत कसं शिरणार? ते मागे वस्तीत फुगणार.

स्थापत्यवाला:
ताई, तुमचं नुकसान खरं आहे, त्यावर वाद नाही. पण तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे, भराव आणि अडथळ्यांमुळे ३५ हजारात पाणी चढलं, म्हणून तर पात्र मोकळं करायचं. ओढ्यांच्या तोंडाशी मागे पाणी फुगण्याचा मुद्दा बरोबर आहे, तिथे डिझाइन चोख पाहिजे. पण त्यासाठी प्रकल्प रद्द करा म्हणणं मला पटत नाही.

नदीकाठी:
अडथळे काढा ना, आमची कधीपासूनची मागणी आहे. विठ्ठलवाडीचा पात्रातला रस्ता काढायचा आदेश एनजीटीने २०१३ ला दिला तो नागरिक कोर्टात गेले म्हणून. भराव काढणं आणि भराव घालून काठ पुढे आणणं या दोन उलट गोष्टी आहेत, एकाच प्रकल्पात घालून त्याला "पूर नियंत्रण" म्हणायचं हे चालणार नाही.

मधला_मार्ग:
कोणीच पैशाचं बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. नदी स्वच्छ ठेवायला दरवर्षी खर्च लागतो, केंद्रं चालवायची वीज, माणसं, गाळ. पालिका कुठून आणणार? काही टप्पे पीपीपीवर (खासगी भागीदारीत) आहेत, काठाला थोडी कमाई होणारी जागा काढली आणि त्यातून देखभाल झाली तर बिघडलं कुठे? लंडन, पॅरिस सगळीकडे नदीला बांधीव काठ आहे. आणि दुसरं, काठावर सर्वसामान्यांना बसायला जागा हवी. ज्यांच्याकडे क्लब आणि फार्महाउस आहे त्यांना नदीकाठ नकोय, वस्तीतल्या पोरांना हवाय.

नदीकाठी:
त्या नद्या बारमाही आहेत. आपली नदी उन्हाळ्यात धार आणि पावसाळ्यात राक्षसासारखी येते, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर भरली की सोडण्याशिवाय इलाजच नसतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते बघितलेले लोक अजून या शहरात आहेत, विचारा त्यांना पाणी कुठपर्यंत आलं होतं. बसायला जागा हवीच, पण त्याला भराव लागत नाही. विठ्ठलवाडीला जीवितनदी संस्थेचे लोक वर्षानुवर्षं काठ साफ करतायत, पोरांना नदी दाखवतायत, तिथे एक चौरस फूट पात्र कमी नाही झालं.

आणि कमाईची जागा म्हणताय ती पुराच्या पाण्याची जागा आहे. एकदा जमिनीला भाव आला की "थोडी" हा शब्द कोणी पाळत नाही. याच मुळेवर १९२१ ला मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, टाटांच्या धरणात जमिनी चालल्या होत्या. तेव्हाही मुंबईला वीज, प्रगती, रोजगार हेच सांगत होते. वीज मिळाली, मुळशीचं पाणी आजही घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्राला जातं, आणि ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्यांना काय मिळालं हे मुळशीत जाऊन विचारा.

भीमाथडीकर:
तुमचं सगळं वाचलं. मी दौंडकडचा, ऊस आणि थोडी भाजी. तुम्ही काठावर फरशी घाला नायतर झाडं ठेवा, आमच्याकडं काय येतं ते सांगतो. मुंढव्याला जॅकवेलमधनं (नदीकाठच्या उपसा विहिरीतनं) उचललेलं पाणी जुन्या बेबी कालव्याला येतं. प्रक्रिया केलेलं म्हणतात, पण कधी कधी फेस आणि काळा रंग बघून बैल पण तोंड लावत नाय. विहिरीला पाझर त्याच कालव्याचा, आता पोरांना प्यायला जार विकत घ्यायला लागतो. रांजणगाव सांडसला तुमची नदी भीमेला मिळते, तिथनं उजनी, तिथनं पंढरपूर. आषाढीला चंद्रभागेत डुबकी मारणाऱ्याच्या अंगाला पुण्याचं संडासाचं पाणी लागतं, हे बोलायला मला लाज वाटते पण खरं आहे.

४,७०० कोटी खरंच असतील तर पहिला रुपया मैलापाण्यावर टाका. आम्ही पण माणसं आहोत, शहराच्या हद्दीखाली नदी संपत नाय.

औंधकर_जुना:
भीमाथडीकर दादा, तुमचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. सांडपाणी पहिलं हे मान्य. पण नदीकाठी, तुमच्याशी अजून जमत नाही. माझ्या बाजूला चालायला पायवाट आणि उजेड पाहिजे, कारण अंधारात तिथे बायका जाऊ शकत नाहीत. आहे तसंच ठेवा हे उत्तर मला नकोय.

नदीकाठी:
पायवाट आणि दिवे, पूररेषेच्या बाहेर, मातीची किंवा पाणी मुरेल अशी, भराव न घालता. याला माझा विरोध नाही, उद्या मागणी करायची तर पहिली सही माझी. रामनदी खाटपेवाडीच्या तळ्यापासून भूगाव, बावधन, पाषाणमार्गे येते, तिच्यात वरच मैलापाणी मिसळतं ते थांबवा, त्यासाठी वॉर्डात एकत्र बसू.

स्थापत्यवाला:
मग एवढं धरू. प्रत्येक टप्प्याचे आधीचे आणि नंतरचे क्रॉस सेक्शन (पात्राचे आडवे छेद) लोकांसमोर ठेवा, ओढ्यांचं पाणी हिशोबात धरून पूर मॉडेल बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्या, तोवर संगमाच्या टप्प्यावर मशीन उतरवू नका. यावर मी तुमच्याबरोबर पत्र लिहितो. झाड एकही हलवायचं नाही यावर मात्र सही करणार नाही, कारण सीवर लाईनला जागा लागणारच.

मुठाकाठची:
पत्रात २०२४ चं सोडलेलं पाणी आणि प्रत्येक पुलाजवळ पाणी किती चढलं ते पण मागा. आमच्या सोसायटीतल्या पन्नास घरांच्या सह्या मी आणते.