लोगेनचा खरा गुन्हा ऑस्तागारच्या रणात घडलाच नाही

वाटसरू :
बायोवेअरने 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' हा व्हिडिओ गेम २००९ साली आणला. त्याला इतकी वर्षे लोटली, तरी लोगेनचे नाव निघाले की चर्चा अजूनही 'गद्दार' या एका शब्दापाशी येऊन अडते. ज्यांनी खेळ खेळलेला नाही किंवा ज्यांना तपशील आठवत नाहीत, त्यांच्यासाठी प्रसंग थोडक्यात सांगतो. फेरेल्डनचा तरुण राजा केलन ऑस्तागारच्या पडक्या किल्ल्यापाशी डार्कस्पॉन या राक्षसी प्राण्यांच्या झुंडींना तोंड द्यायला उभा राहतो. इशालच्या बुरुजावर जाळ दिसला की दबा धरून बसलेल्या सेनापती लोगेनने शत्रूच्या कुशीवर तुटून पडायचे, अशी योजना असते. बुरूज आधीच शत्रूच्या हाती गेल्यामुळे आपला नायक, म्हणजे खेळणाऱ्याचे पात्र, आणि त्याचा साथीदार अ‍ॅलिस्टर यांना जाळ पेटवायला उशीर होतो. तो अखेर पेटतो, आणि लोगेन हल्ल्याऐवजी माघारीचा हुकूम देतो. राजा, ग्रे वॉर्डनांचा (डार्कस्पॉनशी लढणाऱ्या योद्ध्यांच्या संघटनेचा) म्होरक्या डंकन आणि मैदानात उतरलेली जवळजवळ सगळी फौज कापली जाते.

माझे म्हणणे असे आहे की ही माघार, कितीही क्रूर दिसली तरी, सेनापती म्हणून समर्थनीय ठरू शकते. आधीच्या तीन लढाया जिंकल्यामुळे केलनच्या डोक्यात वारे शिरले होते. वॉर्डनांच्या खांद्याला खांदा लावून आघाडीवर लढायचे आणि पोवाड्यात नाव कोरायचे, एवढेच त्याला दिसत होते, आणि 'तुमचे आघाडीवर असणे धोक्याचे आहे' हे लोगेनने त्याला तोंडावर बजावले होते. जाळ दिसेपर्यंत मैदान हातचे गेले असेल, तर उरलेली फौज त्याच खाईत लोटणे याला शौर्य म्हणता येत नाही.

लोगेनचे अक्षम्य अपराध त्यानंतरचे आहेत : पराभवाचे खापर वॉर्डनांवर फोडून त्यांच्या मागे मारेकरी लावणे, हाव नावाच्या खुनशी सरदाराला पदव्या वाटणे, आणि राजधानी डेनेरिमच्या बंदिस्त वस्तीतले एल्फ (टोकदार कानांची, दडपलेली जमात) टेव्हिंटर या परक्या साम्राज्यातल्या गुलाम-व्यापाऱ्यांना विकणे. तरीही आपण चिडतो ते माघारीवर. त्याचे कारण, माझ्या मते, त्या माघारीत अ‍ॅलिस्टरचा गुरू डंकन मेला आणि पुढचा सगळा प्रवास आपण अ‍ॅलिस्टरच्या सोबत केला, हे आहे.

कडवट काढा :
आपली मांडणी रेखीव आहे, पण तिचा पायाच मला मान्य नाही. माघार हा त्या क्षणीचा निर्णय होता, असे आपण गृहीत धरून चालला आहात. आता रेडक्लिफचा आर्ल, म्हणजे सरदार, एमन याचे प्रकरण पाहा. ऑस्तागारला केलन हसत सांगतो की मामाची रेडक्लिफची फौज आठवड्याच्या आत येऊन पोचू शकते. म्हणजे एमन तोवर धडधाकट आहे, निदान राजाची तशी समजूत आहे. लढाईनंतर आपण लोदरिंग गावात पोचतो, तेव्हा तोच एमन अंथरुणाला खिळलेला असतो आणि त्याच्यावर उतारा म्हणून त्याचे सरदार पवित्र अस्थिकलशाच्या शोधात रानोमाळ पांगलेले असतात. विष देणारा जादूगार जोवन याला रेडक्लिफला धाडणारा लोगेनच होता. जोवनला पकडणे, त्याच्याशी सौदा करणे, त्याला आर्लच्या घरात शिरकाव मिळवून देणे आणि विष भिनणे, एवढे सगळे लढाईनंतरच्या मोजक्या दिवसांत घडले, यावर विश्वास ठेवायचा असेल तर ठेवा. राजाच्या मामाला आधीच लोळवून ठेवणाऱ्या सेनापतीला 'रणांगणावर नाइलाज झाला' असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

शिवाय संख्याबळाचे कारण लोगेनच्या तोंडी शोभत नाही. युद्धसभेत शेजारच्या ऑर्ले साम्राज्याच्या कुमकेची वाट पाहण्याचा विषय केलनने काढला होता. त्यावर भडकून, 'ज्यांनी शतकभर आपल्याला गुलाम केले, त्यांच्या हवाली देश करणारा मुलगा पाहायला मॅरिक राजा हयात नाही, हे बरे झाले', अशा अर्थाचे लोगेनच बोलला. कुमक स्वतः नाकारायची आणि मग माणसे कमी पडली म्हणून पाठ फिरवायची, याला युद्धनीती म्हणतात का?

नगारखाना :
मला दोन्ही बाजूंचा एक दोष दिसतो. दोघेही मैदानावरचे बळ मोजल्यासारखे बोलत आहात. प्रत्यक्षात खेळाने ते आपल्याला मोजूच दिलेले नाही. जाळ पेटतो तेव्हा आपण बुरुजाच्या माथ्यावर असतो. नंतरच्या दृश्यात लोगेन दिसतो, त्याची हाताखालची सरदार कॉथ्रिएन दिसते, पण त्याला समोर काय दिसते आहे ते कुठेच दिसत नाही. कॉथ्रिएन विचारते की राजाचे काय. तो तिचा हात पकडतो आणि सांगितले तेवढे करायला फर्मावतो. ती क्षणभर अडखळते आणि माघारीचा हुकूम पुढे देते. तिच्या या अडखळण्यात बायोवेअरच्या लेखकांनी आपली सगळी शंका ठेवून दिली आहे, आणि एवढ्या वर्षांच्या वादाचे बीज त्या दोन-तीन सेकंदांत आहे. लोगेनच्या नजरेतून मैदान एकदा जरी दाखवले असते, तरी हा धागा निघालाच नसता.

एमनबाबत मात्र मी कडवट काढा यांच्या बाजूने आहे. विषाचे वेळापत्रक माघारीच्या समर्थकांना कधीच नीट जुळवता आलेले नाही.

वाटसरू :
विषप्रयोग आधीचा होता हे मान्य केले, तरी त्यातून राजाला मारण्याचा कट सिद्ध होत नाही. एमनला दूर ठेवण्याचे कारण वेगळे असू शकते, आणि त्याचा धागा 'रिटर्न टू ऑस्तागार' या २०१० साली आलेल्या जोडभागात सापडतो. तिथे केलनची खासगी कागदपत्रे हाती लागतात. त्यात ऑर्लेची सम्राज्ञी सेलीन हिची पत्रे आहेत, आणि मूल होत नाही म्हणून राणी अ‍ॅनोराला बाजूला सारावे असे सुचवणारे एमनचे पत्रही आहे. अ‍ॅनोरा ही लोगेनची मुलगी. त्याच्या बाजूने पाहिले तर एमन हा मुलीच्या संसारावर उठलेला माणूस आहे, आणि त्याच्या सल्ल्यावर चाललेला जावई ज्या ऑर्लेच्या तावडीतून देश सोडवण्यात लोगेनची उमेद खर्ची पडली, त्याच ऑर्लेकडे झुकतो आहे. विषप्रयोग हा गुन्हाच आहे. मी फक्त एवढेच म्हणतो की आजारी पडलेला सल्लागार आणि रणात सोडून दिलेला राजा ही दोन वेगळी पाने आहेत.

पडछाया :
हेतूंचा एवढा कीस पाडणाऱ्यांनी नायकाची सुरुवात कोणती निवडली होती, ते आधी सांगावे. या खेळात सहा वेगवेगळ्या पार्श्वभूमी आहेत आणि लोगेनविषयीचे मत त्यांवर फार अवलंबून राहते. बुटक्यांच्या भूमिगत नगरीतून आलेल्या नायकाला हे सगळे परक्यांच्या भाऊबंदकीसारखे वाटते. कुझलंड घराण्याच्या वारसाला हावने आईबापांची केलेली कत्तल विसरता येत नाही, आणि त्या हावला बढती देणारा लोगेनच असतो. मी शहरी एल्फ म्हणून खेळले. डेनेरिमच्या वस्तीत परत गेले तेव्हा साथीचे निमित्त करून लोकांना एका इमारतीत नेत होते. आत पिंजरे होते, आणि विक्रीसाठी कोंडलेल्यांत माझ्या पात्राचा बाप सिरियन होता. तिथल्या कागदपत्रांवर लोगेनचे नाव होते.

लँड्समीटमध्ये, म्हणजे सरदारांच्या भर सभेत, हाच आरोप केल्यावर लोगेन तो नाकारत नाही. एल्फांबद्दल काही खंत असली तरी देशाच्या भल्यासाठी जे आवश्यक होते ते केले, असे तो म्हणतो. म्हणजे त्याच्या देशात आम्ही मोडतच नव्हतो. वाटसरू यांनी गुलामगिरीला अक्षम्य म्हटले याचे मला समाधान आहे, पण त्यांच्या मूळ लिखाणात माघारीला दोन परिच्छेद मिळाले आणि या प्रकाराला अर्धे वाक्य. तेव्हा चाहते माघारीवरच बोलतात ही तक्रार त्यांनी तरी करू नये.

चौथा प्रहर :
अ‍ॅलिस्टरवर कोणीच नीट बोलले नाही. लँड्समीटमधल्या द्वंद्वात लोगेन हरल्यावर रिऑर्डन हा ग्रे वॉर्डन सुचवतो की त्याला ठार मारण्याऐवजी ग्रे वॉर्डन करून घ्यावे. ते मान्य केले की अ‍ॅलिस्टर संतापून आपली साथ सोडतो. चाहत्यांना हे न्याय्य वाटते. मला तो त्याचा सर्वांत पोरकट क्षण वाटतो. वॉर्डन होणे ही बक्षिसी कधीच नव्हती. आपल्याच दीक्षेच्या रात्री डार्कस्पॉनचे रक्त प्यायल्याने सोबतचा उमेदवार डेव्हेथ तडफडून मेला आणि घाबरून मागे सरलेल्या दुसऱ्या उमेदवाराला, जोरीला, डंकननेच भोसकले, आणि तेव्हा अ‍ॅलिस्टर तिथेच उभा होता. तो डेव्हेथही पाकीटमार होता आणि फासावरून सोडवून आणलेला होता. माणसाचे पूर्वचरित्र न पाहणाऱ्या संघटनेत राहून याच एका माणसाचे चरित्र त्याला खुपावे, हे तर्काला धरून नाही.

कडवट काढा :
तर्काला धरून नसेल, पण माणसाला धरून आहे. डंकन हा त्याला बापाच्या ठिकाणी होता. त्याला मरणाच्या दारात सोडून गेलेल्या माणसासोबत एकाच शेकोटीपाशी बसायला कोणी नकार दिला, तर मी त्याला पोरकट म्हणणार नाही. बायोवेअरने त्या नकाराची किंमतही वसूल केली आहे : 'ड्रॅगन एज २'मध्ये तोच अ‍ॅलिस्टर, आपल्या आधीच्या निवडी तशा असतील तर, कर्कवॉल शहरातल्या गुत्त्यात दारूत बुडालेला भेटतो.

वाटसरू :
पडछाया यांचा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. सिरियनच्या मुलीने लोगेनला माफ करावे असे मी म्हणणारही नाही. माझा आग्रह वेगळ्या ठिकाणी आहे. लोगेनला जिवंत ठेवून सोबत घेतल्याशिवाय त्याचा अर्धा स्वभाव आपल्याला कळतच नाही, आणि बहुतेकांचा निवाडा तेवढे न पाहताच झालेला असतो. इतर सोबत्यांना दागिने नाहीतर मूर्ती द्याव्या लागतात. लोगेन खूश होतो ते जुन्या नकाशांवर. ज्याने उमेदीची वर्षे एकेक वाट परक्यांकडून सोडवण्यात घालवली, तो म्हातारपणी नकाशे उलगडून पाहत बसतो. ऑर्लेविषयीच्या त्याच्या वेडसर संशयाला हे एक भेटवस्तूंचे खाते जेवढे उजळते, तेवढे त्याचे एकही भाषण उजळत नाही.

पडछाया :
नकाशांचा तपशील खरोखर सुंदर आहे, पण तो खेळ संपत आल्यावर मिळतो, ही लेखकांची कसूर आहे. लँड्समीटनंतर उरतेच किती? थोडे प्रवास, शिबिरातली काही संभाषणे आणि शेवटची लढाई. आणि त्या लढाईत आर्चडेमनवर, म्हणजे डार्कस्पॉनच्या म्होरक्या ड्रॅगनवर, अखेरचा घाव घालून प्राण देण्याची मुभाही लोगेनला आहे, म्हणजे ज्याने वस्ती विकली, त्याच्या नावावर देश वाचवल्याचे पुण्य जमा होणार. माझ्या खेळात मी तो घाव त्याला घालू दिला नसता. मुळात तिथवर तो पोचलाच नाही. सभेतच, अ‍ॅनोराच्या देखत, मी त्याचा निकाल लावला.

चौथा प्रहर :
आणि त्यामुळे आपल्या खेळात अ‍ॅलिस्टर राहिला. मग अखेरचा घाव कोणी घातला, की घाव घालणाऱ्या वॉर्डनचा जीव वाचवणारा जादूगारीण मॉरिगनचा विधी मान्य केलात?

पडछाया :
विधी नाकारला. घाव माझ्या पात्राने घातला, आणि सिरियनची लेक तिथे मेली.