मेणात प्लस-मायनस काही नाही, मग ते घट्ट कसं?

गंगापूररोडकर:
मंडळी, पोरगी अकरावी सायन्सला आहे. रविवारी निफाडला मळ्यात गेलो होतो तर द्राक्षाचा मणी बोटाने पुसत म्हणते, पप्पा हा पांढुरका थर मेणाचा ना, मग मेण म्हणजे नुसता कार्बन-हायड्रोजन, चार्ज नाही काही नाही, ते एकमेकाला धरून कसं बसतं? आणि सिलिंडरमधला ब्यूटेनपण तेच, तो मात्र गॅस! मी ठोकून दिलं, हायड्रोजन बाँड असेल. हसली माझ्यावर.

खडूफळा:
बरोबर हसली 😄 त्याला नायट्रोजन, ऑक्सिजन नाहीतर फ्लोरिनला जोडलेला हायड्रोजन लागतो. (द्राक्षावरच्या मेणात ओलिॲनोलिक ॲसिडपण असतं, त्यात असा ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन असतो, म्हणून इथे मेणबत्तीचं मेण धरू.) इलेक्ट्रॉन काही एका जागी गप्प बसत नाहीत, क्षणभर एका बाजूला जास्त झाले की शेजारच्या रेणूतलेपण सरकतात आणि तेवढ्यापुरती ओढ तयार होते. फ्रिट्झ लंडनने 1930 मध्ये याचं गणित मांडलं, म्हणून लंडन फोर्स, व्हॅन डर वाल्स फोर्स, म्हणजे रेणूरेणूंमधल्या कमजोर ओढी, त्या कुटुंबातलाच. एका जागी ही ओढ अगदीच किरकोळ, पण साखळी लांब असेल तर टोकापासून टोकापर्यंत बेरीज होत जाते. एक कार्बनचा मिथेन उणे 162 अंश सेल्सिअसला उकळतो, चार कार्बनचा ब्यूटेन शून्याच्या जरा खाली, सहाचा हेक्झेन थेट 69 ला, आणि पंचवीस-तीस कार्बन झाले की मेणच. आणि अंतर दुप्पट झालं की ओढीची एनर्जी 64 पट कमी, म्हणून आकाराला फार महत्त्व. सरळ पेंटेन 36 ला उकळतो, तेवढेच अणू गोळा करून बसलेला निओपेंटेन साडेनऊला.

पिंपळगावचा बागायतदार:
म्हणजे बेदाण्याला डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटमध्ये माल बुडवतो तेव्हा हेच तुटतं का? नुसते मणी टाकले तर सुकायचं नावच घेत नाहीत.

खडूफळा:
हो दादा, जवळपास तेच. मेण सगळं निघून जात नाही, त्याच्या पापुद्र्यांची रचना ढिली होते आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते.

गंगापूररोडकर:
पोरीला निओपेंटेन सांगितला. म्हणे सोपंय, काड्या अंगाला अंग लावून बसतात, लाडू कसेही रचा, फटी राहतातच. मी आपला चहा ठेवायला गेलो.