शिया वेचणाऱ्या बायकांना आधी काय हवं: परदेशी गिऱ्हाईक की गोदाम?

माणगंगा
आफ्रिकेतल्या उद्योजक स्त्रियांना जागतिक बाजार मिळवून द्यायचा म्हटलं की ठरलेल्या गोष्टी पुढे येतात: परदेशी प्रदर्शनात स्टॉल, वेबसाइट, पॅकिंगचं प्रशिक्षण. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचा 'शीट्रेड्स' उपक्रम 2015 पासून याच दिशेने काम करतो आहे. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण पश्चिम आफ्रिकेतल्या उत्तर घाना आणि बुर्किना फासोत शिया, म्हणजे चरबीयुक्त बी असलेल्या एका रानझाडाची फळं, वेचणाऱ्या बायकांसाठी हा क्रम चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

शियाचं झाड सहसा कोणी लावत नाही. शेतासाठी रान साफ करताना ते राखलं जातं, आणि पहिलं फळ धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात. पावसाळ्याच्या तोंडाशी फळं गळायला लागतात. बायका पहाटे वेचायला जातात, बी उकडतात, वाळवतात, फोडून गर काढतात. आणि नेमके तेच दिवस घरातली कणगी रिकामी होण्याचे. नवी ज्वारी-बाजरी यायला अजून अवकाश असतो. मग गावात आलेला दलाल म्हणेल त्या भावाला गर जातो. तोच गर चार महिने राखता आला तर चार पैसे जास्त मिळतात, पण राखणार कशाच्या जोरावर?

माल परदेशी पोचतोच आहे. युरोपातल्या चॉकलेट कारखान्यांत शियाची चरबी वर्षानुवर्षं जाते. पोचत नाही तो पैसा. आपल्याकडे पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे: तूर, सोयाबीन गोदामात ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज घ्या, भाव आला की विका. तिथे आधी हे हवं.

वाशीकर
निर्यातीच्या धंद्यात आहे म्हणून स्पष्ट सांगतो. गिऱ्हाईक नक्की नसताना गोदाम भरणं म्हणजे दुसऱ्याच्या भावाची वाट बघत बसणं. बॉडी शॉप या ब्रिटिश सौंदर्यप्रसाधन कंपनीने 1994 पासून उत्तर घानातल्या तमालेच्या तुंगतेइया महिला संघटनेकडून हाताने केलेलं शिया बटर घेतलं. असं गिऱ्हाईक बांधलेलं असलं की हंगामाआधी भाव ठरतो. फेअरट्रेड, म्हणजे उत्पादकाला रास्त भाव मिळावा म्हणून चालणाऱ्या प्रमाणपत्र व्यवस्थेच्या नियमांत तर उत्पादकांनी मागितल्यास कराराच्या रकमेच्या 60 टक्क्यांपर्यंत आगाऊ देण्याची तरतूद आहे. तुम्ही जे भांडवल म्हणता, ते ऑर्डरसोबतच येतं.

दुसरं, प्रतीचं. ओलं बी ढिगात पडलं की चरबीतलं आम्ल वाढतं. धुरावर वाळवलं की वास बसतो आणि माल नाकारला जातो. हे माल नाकारणारा खरेदीदारच शिकवतो, सरकारी योजना नाही.

माणगंगा
वाशीकर, त्याच बॉडी शॉपचा ब्रिटनमधला कारभार फेब्रुवारी 2024 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. एका गिऱ्हाइकावर उभा केलेला व्यवसाय त्या गिऱ्हाइकाच्या ताळेबंदावर लटकतो. शिवाय हाताने केलेल्या बटरला मागणी किती? शियाचा मोठा हिस्सा खाद्य उद्योगात जातो आणि त्याला गर हवा असतो, कारण द्रावक (चरबी विरघळवून काढणारं रसायन) वापरणारा कारखाना गरातली जवळजवळ सगळी चरबी काढून घेतो. बहुतेक बायका गरच विकतात. त्यांच्यासाठी काय?

ओवी
दोघंही गर बाहेर जाणारच असं धरून चालला आहात. का जावा? बुर्किना फासोने सप्टेंबर 2024 मध्ये शियाच्या गराची निर्यात थांबवली. नायजेरियाने ऑगस्ट 2025 मध्ये सहा महिन्यांची बंदी घातली. मला ही पावलं धाडसाची आणि योग्य वाटतात. घानाच्या तेमा बंदरात 2019 मध्ये बुंगे या बहुराष्ट्रीय खाद्यतेल कंपनीने मोठा शिया कारखाना उभारला, म्हणजे आफ्रिकेत प्रक्रिया होऊ शकते हे सिद्ध झालेलं आहे.

आणि हाताच्या कामाला कमी लेखू नका. भाजून दळलेल्या गराचा चॉकलेटी लगदा मोठ्या पातेल्यात घेऊन बायका कोपरापर्यंत हात घालून फेटतात. थोडं थोडं पाणी घालत राहायचं, रंग करडा, मग पांढुरका होतो आणि लोणी वर यायला लागतं. पाणी कधी थांबवायचं हे हाताला कळतं. हे कसब असलेल्या बाईने नुसतं कच्चं बी का विकत राहावं?

वाशीकर
ओवीताई, बंदीचा पहिला फटका त्याच बाईला बसतो. परदेशी खरेदीदार एका दिवसात बाजारातून बाहेर, स्थानिक कारखान्यांची क्षमता तेवढी नाही, मग भाव कोण ठरवणार? उरलेले दोन-तीन कारखानदार. आधी क्षमता उभी करा, मग दार लावा.

रातांबा, कुडाळ
आमच्या कोकमाचा या विषयाशी थेट संबंध आहे. युरोपीय संघाने 2000 साली चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज 5 टक्क्यांपर्यंत इतर वनस्पती चरबी चालेल असं ठरवलं. त्या यादीत सहाच नावं आहेत, त्यांत शिया आहे आणि आमचं कोकमही. त्यामुळे मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, काढणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना ही चर्चा परकी नाही.

पण एक मोठी गोष्ट कोणीच बोललं नाही. माझ्या परड्यातल्या रातांब्याच्या झाडाखालची जमीन सातबाऱ्यावर आमच्या नावाने आहे. शियाचं झाड ज्या शेतात असतं ती जमीन बहुधा पुरुषांच्या ताब्यात असते. बाईला मिळतो तो फळं वेचायचा, रूढीने चालत आलेला हक्क. तो कागदावर नाही. उद्या भाव चढला की हाच हक्क आक्रसणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. गिऱ्हाईक आणा नाहीतर कारखाना आणा, झाडावरचा हक्क आधी लिहून द्या.

माणगंगा
रातांबा, शंभर टक्के मान्य. जमीन नावावर नाही म्हणून बँक तारण मागते तेव्हा बाईकडे दाखवायला काही नसतं. आफ्रिकी विकास बँकेच्या अंदाजाने आफ्रिकेतल्या स्त्रियांच्या व्यवसायांना हवं असलेलं आणि मिळत नसलेलं भांडवल 42 अब्ज डॉलर आहे. म्हणूनच मी गोदामाच्या पावतीवर, म्हणजे तिथे ठेवलेल्या मालाची पावती दाखवून मिळणाऱ्या कर्जावर, अडून बसले आहे. तिथे तारण जमिनीचं नसतं, तिने स्वतः वाळवलेल्या मालाचं असतं. घानाच्या राजधानीत, अक्राला, 2018 मध्ये कमोडिटी एक्स्चेंज (शेतमालाच्या व्यवहारांचा बाजार) सुरू झालं, सुरुवात मक्यापासून झाली. शियाचा गर त्याच पद्धतीने महिला गटाच्या नावावर ठेवता यायला हवा.

वाशीकर
आणि भाव पडला तर? कर्ज डोक्यावर, माल गोदामात.

माणगंगा
75 टक्केच कर्ज द्यायचं ते त्यासाठीच. त्याहून खाली गेला तर तो तोटा बँक आणि हमी देणारी संस्था यांनी वाटून घ्यावा. आफ्रिकी विकास बँकेच्या 'अफावा' कार्यक्रमात स्त्रियांना दिलेल्या कर्जाची जोखीम अशी वाटून घेतली जाते. ती हमी शहरातल्या दुकानदार बाईपर्यंत थांबू नये, तमालेच्या आसपासच्या गावांतल्या गटांपर्यंत जावी, एवढंच मागते आहे.

वाशीकर
हमीला माझा विरोध नाही. पण ज्या गटाकडे परदेशी खरेदीदाराचा लेखी करार आहे त्याची पावती बँक आधी घेईल, बाकीच्यांना थांबवून ठेवेल. बँका अशाच चालतात. म्हणून मी अजूनही म्हणतो, त्या बायकांसाठी पहिला खर्च करार मिळवण्यावर करा.