मदत हवी आहे : काजळी जहाजांची की ट्रेलरची, कसं ओळखायचं?

उरण तालुक्यात राहतो, गच्चीवरून मालवाहू जहाजं दिसतात. वारा तिकडून असला की वाळत घातलेल्या कपड्यांवर तेलकट काळे ठिपके पडतात. पुसायला जावं तर आणखी फासतात. आईला दमा आहे. तिचे डॉक्टर, इन्हेलर सगळं चालू आहे, तेव्हा औषधांचे सल्ले नकोत.

लेझर सेन्सर दोन महिने लावला. पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) किती ते कळतं, पण धूर कुणाचा ते नाही. रस्त्यावर ट्रेलरची रांग, आणि धक्क्याला लागलेलं जहाजही विजेसाठी इंजिन चालूच ठेवतं. तक्रार केली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार, हे ठरलेलं!

जहाजांच्या जड तेलाच्या काजळीत व्हॅनेडियम आणि निकेल हे धातू सापडतात, ट्रकच्या डिझेलमध्ये व्हॅनेडियम जवळपास नसतंच. पण २०२० पासून जहाजी इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली, आणि नव्या तेलात व्हॅनेडियमही बरंच कमी असतं म्हणे.

मग ही खूण आता चालेल का? मुंबई-नवी मुंबईत खासगी माणसाने हवेतली काजळी जमवलेला फिल्टर कुठली प्रयोगशाळा तपासते? बजेट दहा हजार. नमुना किती तासांचा घ्यावा?